विद्यापीठांचें लोकऋण

सध्यां पदवीदानाच्या व्यासपीठावरून, कुलगुरूंच्या निवेदनांतून आणि महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांतून 'समाजाभिमुख शिक्षण' हे शब्द इतक्या वेळां कानांवर येत असतात कीं, त्यांचा अर्थ विचारण्याची आठवणच कोणास राहिलेली नाहीं. गांव दत्तक घेतलें, झाडें लावलीं, रस्ता झाडला, छायाचित्र काढलें आणि अहवालांत एक पान वाढलें. येवढ्यावर विद्यापीठाचें समाजाशीं असलेलें नातें पुरें झालें असें आम्ही समजूं लागलों आहों. हा समज नुसता चुकीचा नाहीं. विद्यापीठाच्या मूळ कर्तव्यावर पांघरूण घालणारा आहे, हें दाखविण्यासाठीं आजचा लेख आम्ही लिहीत आहों. ज्यांनीं तीस वर्षें महाविद्यालयांत अध्यापन केलें आणि अशीं शिबिरें स्वतः चालविलीं, त्यांस हा आरोप प्रथम स्वतःवर करून घ्यावा लागतो. तो आम्ही करून घेतों.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. राष्ट्रीय सेवा योजनेचें आमचें सात दिवसांचें शिबीर एका कोरडवाहू गांवीं होतें. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालावयाचा, असा बेत ठरला होता. मुलांनीं मन लावून काम केलें. तळहातांस फोड आले, रात्रीं गाणीं झालीं, समारोपास पाहुणे आले, भाषणें झालीं, गांवानें सर्वांस जेवूं घातलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सामान गाडींत चढत असतां एक म्हातारा शेतकरी आमच्याजवळ आला आणि संकोचानें म्हणाला, "सर, पोरांनी कष्ट लई केले. पर तुमी बांध घातला तितं खाली सलग काळा दगड हाय. पानी मुरंल कुटं? आन् आमच्या हिरी तर समद्या वरल्या अंगाला." आम्हीं विचारलें, "बाबा, मग हें आधीं कां नाहीं सांगितलेंत?" तो म्हणाला, "कुनी इचारलंच न्हाई."

ह्या तीन शब्दांत आमच्या सात दिवसांची परीक्षा होऊन गेली. आमच्याच महाविद्यालयांत भूशास्त्राचा विभाग आहे. दख्खनच्या पठारावर अग्निजन्य खडकाचे थर एकावर एक कसे बसले आहेत, सलग कठीण खडकांत पाणी कां शिरत नाहीं, आणि झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांतून तें कसें वाट काढतें, हें तेथें दर वर्षीं फळ्यावर आकृति काढून शिकविलें जातें. शिबिरास निघतांना आम्हीं फावडीं घेतलीं, घमेलीं घेतलीं. भूशास्त्राच्या अध्यापकांस घेतलें नाहीं. त्यांस बोलवावें असें आमच्या मनांतही आलें नाहीं, आणि आपण जावें असें त्यांच्याही मनांत आलें नाहीं. म्हणजे आमच्यापाशीं जें होतें आणि गांवापाशीं नव्हतें, तें आम्हीं घरीं ठेवलें. आणि गांवापाशीं जें आमच्याहून शंभरपट अधिक होतें, त्या अंगमेहनतीचें दान आम्ही गांवास करावयास गेलों होतों! शिवाय त्या म्हाताऱ्यापाशीं स्वतःच्या जमिनीचें जें ज्ञान होतें तें आम्हीं मागितलें नाहीं, ही दुसरी चूक. तिची लाज आम्हांस पहिलीहून अधिक वाटते.

राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, १९६९ सालीं, ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थी घेऊन सुरू झाली. तिच्या संस्थापकांचा हेतु शुद्ध होता, आणि शहरांत वाढलेल्या मुलास सात दिवस गांवांत राहिल्यानें कांहींच लाभ होत नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. लाभ होतो, पण तो मुलास होतो. गांवाच्या खर्चानें आपल्या मुलांस अनुभव मिळवून द्यावयाचा आणि त्यास गांवाची सेवा म्हणावयाचें, हा हिशेब उलटा आहे.

आमच्या मतें ह्या सर्व घोटाळ्याचें मूळ एका शब्दांत आहे. विद्यापीठ समाजाला कांहीं 'देतें' असें आपण बोलतों. वस्तुतः तें परत करीत असतें. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असें आपल्या शास्त्रकारांनीं मानलें. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण हीं तीन सर्वांच्या परिचयाचीं आहेत; शतपथब्राह्मणानें त्यांत चौथें मनुष्यऋण जोडलें आहे. पहिल्या तिहींचा उच्चार आपल्या घरांतून अद्याप होत असतो. चौथें मात्र सोयीस्कर विस्मरणांत गेलें. विद्यापीठाच्या डोक्यावर जें ऋण आहे तें हेंच होय.

हें ऋण कोणाचें, याचा परखड उच्चार महाराष्ट्रांत जोतीराव फुले यांनीं केला. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. त्याला पंचवीस वर्षें होतात न होतात तोंच, १८८२ सालीं, हंटर आयोगापुढें सादर केलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं जाब विचारला कीं, सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामांतून निघतो, तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर सढळ हातानें खर्च होतो, आणि ज्याचा घाम त्याचीं मुलें मात्र अक्षरशत्रु राहतात, हा न्याय कोणता? त्या जाबाचें पुरतें उत्तर आम्हां पदवीधरांच्या कित्येक पिढ्यांनीं अद्याप दिलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, तो काळ गेला. १९८३ पासून महाराष्ट्रांत विनाअनुदानित महाविद्यालयांचा मार्ग मोकळा झाला. आम्ही आमच्या मुलांची फी पदरची भरतों. मग ऋण कसलें? ह्या बोलण्यांतील मध्यमवर्गीय प्रामाणिकपणा आम्हांस समजतो, कारण आम्हीही त्याच वर्गाचे आहों. परंतु ज्या अध्यापकानें आपल्या मुलास शिकविलें तो स्वतः बहुधा सरकारी अनुदानावर शिकलेला असतो. वसतिगृहाच्या नळास येणारें पाणी कोणत्या तरी धरणाचें असतें, आणि त्या धरणाच्या पोटांत कोणाचें तरी गांव गेलेलें असतें. फीच्या पावतीवर ह्या गोष्टींची नोंद नसते, म्हणून त्या फुकट मिळाल्या असें होत नाहीं.

एकदां हें ऋण आहे असें मानलें म्हणजे वागणुकीची सारी रीतच बदलते. दान करणारा आपल्या सोईनें दिवस ठरवितो, काय द्यावें तेंही आपणच ठरवितो, आणि देऊन झाल्यावर पाठ फिरवितो. ऋणको मात्र धनकोच्या दारीं जातो, त्याच्यासमोर हिशेबाची वही उघडतो, आणि देणें फिटेपर्यंत पुन्हां पुन्हां येत राहतो. आमच्या विद्यापीठांनीं दात्याचा थाट टाकून ऋणकोची नम्रता घ्यावी, येवढेंच आमचें म्हणणें आहे.

हें अशक्य आहे काय? आपल्याच महाराष्ट्रांत तें थोडेंबहुत घडून गेलेलें आहे. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मान यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गांवाची जमीन, पिकें, कर्ज आणि माणसें यांचा बारकाईनें हिशेब मांडला. तो ग्रंथ १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून प्रसिद्ध झाला. १७७१ सालीं त्या गांवीं एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती; १९१४-१५ सालीं ती ७ एकरांवर आली होती, असें त्यांनीं जुन्या कागदांवरून व प्रत्यक्ष मोजणीवरून दाखविलें. शेतकरी आळशी आहे, उधळ्या आहे, लग्नांत पैसा उडवितो, अशीं प्रवचनें देणाऱ्यांस हा एक आंकडा पुरेसा होता. मान यांनीं त्या गांवीं झाडें लावलीं कीं नाहीं हें आम्ही विचारीत नाहीं. त्यांनीं आपल्या विद्येचें काम गांवांत नेलें, आणि गांवाच्या दारिद्र्याचें कारण गांवकऱ्यांच्या स्वभावांत न शोधतां त्यांच्या जमिनीच्या तुकड्यांत शोधलें. पुढें १९२१ सालीं त्यांनीं कानिटकरांच्या सहकार्यानें जातेगांव बुद्रुक ह्या कोरडवाहू गांवाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. ह्या कामांत एकच उणीव आम्हांस डांचते. हिशेब गांवाचा होता, ग्रंथाची भाषा मात्र गांवाला न कळणारी होती. ती उणीव आम्हीं पुढच्यांनीं भरून काढावयाची होती. आम्हीं ती परंपरा म्हणून चालविली! आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत सामावून गेलें आहे, तेथें उंच इमारती उभ्या आहेत. आणि आमचे प्रबंध मात्र अजून त्याच परक्या भाषेंत लिहिले जात आहेत.

दुसरें उदाहरण धनंजयराव गाडगीळ यांचें. १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. अहमदनगर जिल्ह्यांत प्रवरेच्या परिसरांत विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांचे शेतकरी सोबती सहकारी साखर कारखाना काढूं लागले, तेव्हां गाडगिळांनीं त्यांस दुरून आशीर्वाद पाठविला नाहीं. ते त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि बरींच वर्षें ती जबाबदारी त्यांनीं वाहिली. पुण्याच्या ग्रंथालयांतील अर्थशास्त्र लोणीच्या शेतकऱ्यांच्या सभेंत गेलें, तेथें तें तपासलें गेलें, आणि तेथील अनुभव घेऊन तें पुन्हां ग्रंथालयांत आलें. ह्या दळणवळणास आम्ही विद्यापीठाचें समाजकार्य म्हणतों. त्यांत सात दिवस नव्हते, वर्षें होतीं. आणि टाळ्या नव्हत्या, ताळेबंद होता.

परंतु येथेंच थांबलों तर आम्ही अर्धेंच सत्य सांगितलें असें होईल. विकास ही एक गोष्ट आहे आणि न्याय ही दुसरी. साखर कारखान्यांमुळें ऊस पिकविणारा बागाईतदार सबळ झाला; ऊस तोडणारा मात्र आपलें बिऱ्हाड गाडीवर घालून दर हंगामास गांव सोडीत राहिला, आणि त्याचीं मुलें ऐन शाळेच्या दिवसांत फडावर जात राहिलीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ सालीं ऐरणीवर आला, आणि मग राज्य शासनानें चौकशी समिति नेमली. तो प्रश्न लोकांपुढें आणण्याचें श्रेय मुख्यतः वार्ताहरांचें आणि स्त्रियांच्या संघटनांचें आहे. त्या पट्ट्यांत महाविद्यालयांची वाण नाहीं; समाजशास्त्राचे विभाग आहेत, अर्थशास्त्राचे आहेत. ज्या मुलींस आम्ही वर्गांत पाहत होतों त्यांतील कित्येकींच्या आया ह्याच फडावर जात असतील, हें आमच्या ध्यानांत कां आलें नसावें? आम्ही हजेरी घेत होतों. गैरहजेरीचें कारण विचारीत नव्हतों. सामाजिक न्याय म्हणून जें कांहीं विद्यापीठास करतां येण्यासारखें आहे, त्याचा आरंभ ह्या साध्या प्रश्नापासून होतो.

विद्यापीठाचें दार कोणास उघडें आहे, हाही त्याच न्यायाचा भाग आहे. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ काढून मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचें साहस केलें. सरकारची मान्यता मिळावयास त्यानंतर तीन तपांच्या सुमारास काळ गेला, पण त्यांनीं दार आधीं उघडलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें, आणि १९४७ सालीं तेथेंच छत्रपति शिवाजी महाविद्यालय स्थापून गरीब विद्यार्थ्यास 'कमवा आणि शिका' हा रस्ता दाखविला. कर्वे आणि कर्मवीर यांस आम्ही पुतळे करून चौकांत बसविलें; त्यांच्या पद्धति मात्र अभ्यासमंडळांच्या बैठकींत कधीं बसूं दिल्या नाहींत.

आतां एका गांवाची गोष्ट. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या लहानशा गोंड गांवानें वर्षानुवर्षें अभ्यासगट चालविले. गांवकरी आणि बाहेरचे थोडे मित्र एकत्र बसत, जंगलाचा, कायद्याचा, हिशेबाचा अभ्यास करीत. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वांच्या सहमतीनें घेई. वनहक्क कायदा आल्यावर २००९ सालीं ह्या गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशांतील अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते. गडचिरोलींत गोंडवाना विद्यापीठ निघालें तें त्यानंतर, २०११ सालीं. विद्यापीठाच्या आधीं गांवानें विद्यापीठाचें काम सुरू केलें होतें! अभ्यास करावा, पुरावा तपासावा, वाद करावा आणि मग निर्णय घ्यावा, हीच तर विद्यापीठाची व्याख्या. ज्या गांवास आम्ही 'दत्तक' घेण्याच्या गोष्टी करतों, त्यास आईबाप आहेत आणि बुद्धीही आहे. त्यास पाहिजे असेल तर सोबतीचा अभ्यासक पाहिजे. 'दत्तक' हा शब्द अहवालांतून आजच काढून टाकावा अशी आमची सूचना आहे.

ह्या आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, विद्यापीठाचें काम निःपक्षपाती ज्ञानाचें. समाजाच्या भांडणांत तें पडलें तर त्याचा तोल जाईल. यावर आमचें उत्तर असें कीं, विद्यापीठ त्या भांडणांच्या बाहेर कधींच नव्हतें. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें १९७८ सालीं केला. त्यावरून दलितांच्या वस्त्या जळल्या. आणि नामविस्तार व्हावयास १९९४ साल उजाडलें. नुसत्या नांवासाठीं सोळा वर्षें लागलीं, तेथें विद्यापीठ हें समाजापासून अलिप्त असें बेट आहे हें म्हणणें कोण मान्य करील? निःपक्षपात पुराव्याच्या बाबतींत असावा. कोणता प्रश्न अभ्यासास घ्यावयाचा हें ठरवितांना मात्र आपण कोणाच्या तरी बाजूस उभे असतोंच. मान यांनीं शेतकऱ्याचा प्रश्न निवडला, आणि उत्तर आंकड्यांवर सोडलें. यांत तोल गेला असें कोणी म्हणणार नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. पैसा कोठें आहे? माणसें कोठें आहेत? पूर्ण पगाराच्या जागा वर्षानुवर्षें रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर तरुण अध्यापकांस राबविलें जातें; ज्यास पुढल्या सत्रांत आपण येथें असूं कीं नाहीं हें माहीत नाहीं, तो दहा वर्षें एखाद्या गांवाशीं नातें कसें जोडणार? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि तो आमच्या म्हणण्यास बळकटीच आणतो. जें विद्यापीठ आपल्या अध्यापकास तासावर मोजतें आणि आपल्या झाडूवालीस ठेकेदाराच्या हवालीं करतें, त्यानें सामाजिक न्यायावर परिसंवाद भरविणें हा ढोंगीपणा आहे. न्यायाचा पहिला धडा विद्यापीठानें आपल्या आवाराच्या आंत गिरवावा.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर महाराष्ट्रांतील अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांस श्रेयांक मिळूं लागले आहेत. संधि चांगली आहे. पण भीतिही मोठी आहे. हजारों विद्यार्थी तीच छापील प्रश्नावली घेऊन त्याच वस्तींतील त्याच बायांस तेच प्रश्न विचारतील, गुण घेतील आणि निघून जातील; वस्ती म्हणजे प्रयोगवही होऊन बसेल. हें टाळावयाचें असेल तर आमच्या मतें चार गोष्टी केल्या पाहिजेत. प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या पंचक्रोशींतील दोनचार गांवें किंवा वस्त्या निश्चित कराव्या आणि निदान दहा वर्षें तींच धरून राहावें. विहिरींची पातळी, जमिनीची मालकी, शाळा सोडणारीं मुलें यांची नोंद दर वर्षीं त्याच जागीं व्हावी. दुसरें, प्रश्न आधीं लोकांनीं मांडावे. ग्रामसभेंत एक प्रश्नवही ठेवावी, आणि कोणत्या विभागानें कोणता प्रश्न घेतला हें त्यांत लिहावें. तिसरें, ज्यांच्याविषयीं प्रबंध लिहिला, त्यांच्यासमोर तो मराठींत, आणि जेथें बोली निराळी तेथें त्या बोलींत, वाचून दाखविल्याशिवाय पदवी देऊं नये. तोंडी परीक्षेस बाहेरचा परीक्षक लागतो, तर त्या गांवाहून योग्य परीक्षक कोण मिळणार? चौथें, ऊसतोडीवर, वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतील मुलांस वसतिगृह व शिष्यवृत्ति हंगाम सुरू होण्यापूर्वीं हातीं पडावी. परीक्षा संपल्यावर येणारी शिष्यवृत्ति म्हणजे पूर ओसरल्यावर पाठविलेली नाव होय.

ह्यांपैकीं एकाही गोष्टीस मोठी इमारत लागत नाहीं. लागतो तो वेळ आणि ऐकण्याची संवय. आणि ह्या दोहोंचीच आम्हां विद्वानांपाशीं सर्वांत मोठी टंचाई आहे.

शेवटीं आमच्या वाचकांस दोन शब्द. आपल्या घरांतील मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन घरीं येईल तेव्हां पेढे वांटावे, फोटो काढावा, सर्व कांहीं करावें. परंतु त्या संध्याकाळीं तिला येवढें अवश्य विचारावें कीं, बाळ, तूं जें शिकलीस त्यांतलें कोणाच्या उपयोगाचें काय आहे, आणि त्यानें तें तुझ्याकडे मागितलें तर त्याला समजेल अशा भाषेंत तुला तें सांगतां येईल काय? हा प्रश्न घरांघरांतून विचारला जाऊं लागला म्हणजे तो विद्यापीठाच्या दारापर्यंत पोंचण्यास वेळ लागणार नाहीं.

आम्ही त्या गांवीं पुढील वर्षीं पुन्हां गेलों. ह्या खेपेस भूशास्त्राचे अध्यापक आणि चार विद्यार्थी बरोबर होते, फावडीं नव्हतीं. त्या म्हाताऱ्यास घेऊन तीन दिवस ओढ्याच्या वरल्या अंगानें फिरलों. त्यानें जागा दाखविल्या, मुलांनीं खडक तपासला, विहिरी मोजल्या, आणि नकाशा करून तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. म्हाताऱ्यानें दाखविलेल्या पांच जागांपैकीं चार शास्त्रानेंही बरोबर ठरविल्या. पांचवीविषयीं तो आणि आमचे अध्यापक बराच वेळ वाद घालीत बसले होते. तो वाद आम्ही बाजूस उभे राहून ऐकला. आमच्या तीस वर्षांच्या नोकरींत इतकें खरें विद्यापीठ आम्हांस क्वचितच पाहावयास मिळालें.